ज्येष्ठांच्या संघात नाव घालावं का?



सोलापूरच्या बायकांना एकीचं मोल नवं नाही. घरी बसून विडी वळणारी बाई कामगार आहे की नाही, यावर कोर्टकचेरी झाली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की तीही कामगारच, तिलाही भविष्य निर्वाह निधी लागू. पुढे विडी कामगार बायकांनी सहकारी संस्था केली, आपला वाटा भरला आणि कुंभारीत १०,००० घरं उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी त्यांचं लोकार्पण झालं. वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकरांचं. एकेकटीनं मागून ही घरं मिळाली नसती.

आता आपल्यातल्या कितीतरी जणी साठीच्या पुढे गेल्या. ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी भरावी का, असं आपण एकमेकींना विचारतो.

आधी तोटे पाहू. बऱ्याच संघांत निवृत्त नोकरदार पुरुषच जास्त असतात. बैठक त्यांच्या सोयीनं ठरते, तेव्हा आपण शेतात किंवा चुलीपुढे असतो. सहली निघतात, पण त्यांचा खर्च आपल्याला झेपत नाही. शिवाय एस.टी.च्या सवलतीसाठी संघाचं सभासद व्हावं लागत नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. श्रावणबाळ योजनेचा अर्जही आपला आपण तहसीलला देता येतो.

मग संघ कशाला? जिथं एकटीचं बळ पुरत नाही, तिथं. २००७ च्या कायद्यानं साठीपुढच्या आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पण पोटच्या पोराविरुद्ध कागद करायला हात धजत नाही, पायही चालत नाहीत. अशा वेळी आपण अधिकार दिला तर नोंदणीकृत संस्थाही आपल्या वतीनं अर्ज करू शकते. आणि रोज विचारपूस करणारं माणूस मिळतं, ते वेगळंच.

म्हणून नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारू या. संघाची नोंदणी आहे का? वर्षाचा हिशेब सगळ्यांपुढे वाचतात का? कार्यकारिणीत बाई आहे का?

उत्तरं पटली तर खुशाल वर्गणी भरू. नाही पटली तर बचत गट चालवलेल्या बायका आपण. रजिस्टर, बैठक, हिशेब सगळं येतं. गावातल्या ज्येष्ठ बायकांचा आपलाच गट काढू आणि त्याची नोंदणीही करून घेऊ.