न बुडणाऱ्या नौकेची बुडी

देवळाच्या तळीत काठावरून सूर मारणारी मुले आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. कित्येकांनी बालपणी स्वतःही सूर मारले असतील. डोके आधी, देह मागून, आणि पाण्याशी वैर न धरता त्यात शिरणे, एवढेच त्या विद्येचे मर्म. हीच विद्या मनुष्याने एका यंत्रास शिकविली, आणि तीही अशा यंत्रास, की ज्याची घडण मुळात ते बुडू नये अशीच केली होती. तो इतिहास आमच्या वाचकांस बहुधा अपरिचित असल्यामुळे येथे सांगण्याचे योजिले आहे.

हे यंत्र म्हणजे जेटस्की. तथापि आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. कळंगुट-बाग्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांस मागे बसवून भरधाव जाणारी जी वाहने आपण या नावाने ओळखतो, ती बसून चालवावयाची, रुंद आणि जड. ती आमच्या विषयातील नव्हेत. मूळची जेटस्की उभ्याने चालवीत, आणि तिच्यावर एकाच मनुष्यापुरती जागा असे.

तिचा जनक क्लेटन जेकबसन हा अमेरिकन गृहस्थ मोटारसायकलच्या शर्यतींचा शौकीन होता. रानावनांतील शर्यतींत कठीण जमिनीवर आपटून घेण्यापेक्षा पडावयाचे ते पाण्यात पडावे, या विचारातून त्यास ही कल्पना सुचली असे सांगतात. १९६० नंतरच्या दशकात त्याने आपले पहिले नमुने तयार केले. प्रथम कॅनडातील बोंबार्डिये कंपनीने त्याची कल्पना घेतली. परंतु १९६८ मध्ये तिने ‘सी-डू’ नावाने जे वाहन बाजारात आणले, ते बसून चालवावयाचे होते, आणि ते फार काळ टिकले नाही. पुढे जपानच्या कावासाकी कंपनीशी करार झाला आणि १९७३ मध्ये ‘जेटस्की’ हे नाव घेऊन उभ्याने चालवावयाचे यंत्र जगापुढे आले. एका कंपनीचे हे नाव पुढे सगळ्या जातीचेच नाव होऊन बसले.

त्याची रचना मोठी मार्मिक आहे. बाहेर पंखा नाही, सुकाणू नाही. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढून पंपाने ते मागच्या तोंडातून जोराने फेकावयाचे, त्या धक्क्याने यंत्र पुढे जाते. ते तोंड डावी-उजवीकडे वळविले की यंत्र वळते. अर्थात वेगाची कळ सोडली की वळणेही संपले. नवशिके येथेच फसतात. पुढे बिजागरीवर खालीवर होणारा लांब दांडा, त्याच्या टोकास मूठ, आणि मागे स्वाराने उभे राहावयाचा उघडा चौथरा. काया काचतंतूंची असून आत फेसासारखा हलका पदार्थ भरलेला, त्यामुळे ते उलटले तरी तळाशी जात नाही. आरंभीच्या नमुन्यांत स्वार पडला की यंत्र मंद गतीने गोल फिरत राही, म्हणजे त्यास पोहत जाऊन ते गाठता येई. पडणे हे येथे गृहीतच धरलेले होते.

आता या यंत्रास बुडी कशी शिकविली? कारखानदाराच्या पुस्तिकेने ती शिकविली नाही. स्वारांनी एकमेकांचे पाहून, पडून, पुन्हा चढून ती साधली आणि तिला ‘सबमरीन’ असे नाव दिले. शिकणारा प्रथम चौथऱ्यावर गुडघे टेकून चालवितो, मग उभा राहतो, मग पायांतील भार मागेपुढे करून नाकाड उचलणे आणि टाकणे याचा सराव करतो. बुडीसाठी वेग अगदी कमी ठेवावयाचा. भार मागे घेऊन, दांडा ओढून, कळ किंचित दाबली की नाकाड वर येते. ते खाली पडू लागताच सगळा देह मुठीवर लोटावयाचा. नाकाड पाण्यात शिरले की श्वास रोखून, डोके दांड्याआड लपवून कळ दाबावयाची. क्षणभर स्वार आणि यंत्र दोन्ही अदृश्य होतात. मग भार मागे घेतला की तोच आतला हलका पदार्थ यंत्रास वर फेकतो, पंपाचा धक्का त्यास मिळतो, आणि ते पाण्याबाहेर उसळते.

घाई केली तर नाकाड अडते आणि स्वार मुठीवरून पुढे फेकला जातो, अथवा मूठ हनुवटीवर बसते. अंगातील तरण्याचे जाकीटही त्यास वरच ओढीत असते. पण ते काढून ठेवणे म्हणजे शुद्ध मूर्खपणा. पाणी खोल हवे, तळाशी वाळू अगर खडक जवळ नको. यंत्राचे भय निराळेच. पाण्याखालीही त्यास हवा लागते, आणि हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते दबत नाही. दट्ट्याचा दांडाच वाकतो. म्हणून पाणी गेल्याची शंका येताच स्पार्क प्लग काढून, यंत्र फिरवून ते बाहेर टाकावे लागते. उलटलेले यंत्र कोणत्या बाजूने सरळ करावे याचा बाण कित्येक नमुन्यांच्या मागे काढलेला असतो, तोही याच कारणाने.

या साऱ्या विद्येचा पाया वजन हा आहे. देहभाराने नाकाड दाबता आले पाहिजे. १९९० मध्ये यामाहाने आणलेली ‘सुपरजेट’ म्हणूनच या मंडळींची लाडकी ठरली. टू-स्ट्रोक इंजिनाची ती नौका तिच्या उत्तरकालीन रूपातही सुमारे १३९ किलोचीच होती. परंतु जुन्या धाटणीच्या अशा इंजिनातून इंधनाचा काही भाग न जळताच पाण्यात जातो. अमेरिकन सरकारने १९९६ मध्ये नौकांच्या इंजिनांसाठी धुराचे नियम केले, आणि ते योग्यच होते. ज्या पाण्यात मुले पोहतात त्यात तेल सोडण्याचा हक्क कोणत्याही खेळास नाही. तथापि किंमत कोणी मोजली तेही सांगितले पाहिजे. कावासाकीने २०११ नंतर आपली टू-स्ट्रोक उभी नौका बंद केली आणि २०१७ मध्ये जी नवी फोर-स्ट्रोक आणली तिचे वजन सुमारे २५० किलो. ती वेगाने धावते. पण नुसत्या देहभाराने तिचे नाकाड दाबणे हे भल्याभल्यांचे काम नव्हे. सुपरजेटचे टू-स्ट्रोक उत्पादनही २०२० मध्ये संपले. २०२१ ची फोर-स्ट्रोक सुमारे १७० किलोची आहे.

म्हणून या कलेचे उपासक आज जुन्या सुपरजेटची इंजिने जपून ठेवतात, त्यांचे भाग जमवितात, आणि लहान कारखान्यांनी कार्बनतंतूंच्या घडविलेल्या, त्याहूनही हलक्या कायांत ती बसवून बुडी मारतात.