लाखोळीचा दोष किती, दुष्काळाचा किती?

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यातल्या सिहोरा परिसरात शेती म्हणजे मुख्यतः धान. चांदपूर तलावाचे पाणी ज्या बांध्यांना मिळते त्यांची गोष्ट वेगळी; बाकीच्या जमिनीला दुसरे पीक हवे असेल तर मातीतली उरलीसुरली ओल हाच आधार. म्हणून धान कापणीला येण्याआधी, उभ्या पिकातच लाखोळीचे बी फेकायचे, अशी उतेऱ्याची रीत पूर्व विदर्भात रूढ झाली. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. तरी डाळ हाती येते. पुढे याच डाळीवर माणसे लुळी पाडल्याचा आरोप आला आणि तिच्या विक्रीवर बंदी आली. आरोप खोटा नव्हता, पण अपुरा होता. लाखोळीत विष आहे. त्या विषाचा आजार मात्र घडवला दुष्काळाने आणि ज्यांच्या ताटात दुसरे काही नव्हते त्यांच्या गरिबीने.

हे पटण्यासाठी आधी नसांचे काय होते ते पाहावे लागते. 1850 साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेकडे जाणारी नस कापली. पेशीपासून तुटलेला तंतूचा भाग काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन विरतो, हे त्याला दिसले. हातापायांतल्या नसा अशा इजेनंतर हळूहळू पुन्हा वाढू शकतात. मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतू सहसा वाढत नाहीत. लाखोळीचा घाव नेमका तिथे बसतो. तिच्यातले बीटा-ओडॅप हे द्रव्य ग्लुटामेट या नैसर्गिक संदेशवाहकाची नक्कल करते आणि चेतापेशींना प्रमाणाबाहेर उत्तेजित करून मारते. मेंदूकडून पायांपर्यंत हुकूम नेणारे लांब तंतू सर्वांत जास्त झिजतात. पोटऱ्या ताठरतात, टाचा उचलल्या जातात, गुडघे एकमेकांवर घासतात. बुद्धी शाबूत राहते, हातही बहुधा चालतात. डॉक्टर या रुग्णांची प्रतवारी काठीवरून करत आले आहेत: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी सरपटणारा. आजार पुढे फारसा वाढत नाही, पण मागेही फिरत नाही.

विष सापडले आहे, मग गरिबीचा प्रश्न कशाला, असे कुणी म्हणेल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा यांनी 1964 मध्ये हे द्रव्य वेगळे काढले, हे खरेच. पण अधूनमधून, भाताबरोबर आणि इतर डाळींबरोबर लाखोळी खाणारा माणूस सहसा लुळा पडत नाही; महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली की धोका येतो. ब्रिटिश अधिकारी स्लीमनने सागर भागातली हकीकत लिहून ठेवली आहे. तिथे 1829 मध्ये गारपीट, 1830 मध्ये अवर्षण आणि 1831 मध्ये तांबेरा असे एकामागून एक येऊन गहू बुडाला. तगली ती तिवरा, म्हणजे लाखोळीच. आणि 1833 पासून तरणीताठी माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. 1896 ते 1902 या दुष्काळी काळातल्या मध्य प्रांतातील रुग्णांवर ब्रिटिश डॉक्टर बुकॅननचा अहवाल 1904 मध्ये नागपुरात छापला गेला, आणि भंडारा जिल्हा त्याच प्रांतात होता. शिवाय पाण्याचा ताण पडला की दाण्यातले विषही वाढते. म्हणजे ज्या वर्षी ताटात लाखोळी जास्त, त्याच वर्षी ती अधिक विषारी.

दुसरा आक्षेप असा की अखेर बंदीनेच आजार आवरला. 1961 साली विक्रीवर बंदी आली आणि महाराष्ट्रात ती लागूही झाली. पण पेरणीवर नव्हती. पिकवणाऱ्याच्या घरी, म्हणजे जिथे धोका सर्वांत मोठा, तिथे हा कायदा पोहोचलाच नाही. बावनथडीपलीकडच्या मध्य प्रदेशाने तर ही बंदी अमलात आणली नाही, तरी आजार तिथेही ओसरला. नदीच्या दोन्ही काठांवर जे सारखे घडले ते वेगळेच होते: सिंचन वाढले, रेशनचे धान्य आले, धान्याऐवजी रोख मजुरी मिळू लागली. बंदीमुळे तूरडाळीतली आणि बेसनातली भेसळ पकडायला आधार मिळाला, एवढे श्रेय तिला द्यायला हवे.

मग लाखोळी निर्दोष ठरवायची का? तेही नाही. 2016 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रतन, प्रतीक आणि महातिवरा या कमी विषाच्या वाणांना अनुकूलता दाखवली. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले तरी विष बरेच उतरते. पण बियाणे बदलले म्हणून काम संपत नाही, कारण मेलेली चेतापेशी परत मिळत नाही आणि चूक सुधारायला दुसरी संधी नसते. लाखोळी पेरू द्यायची असेल, तर अवर्षणाच्या वर्षी धान उत्पादकाच्या घरी दुसरे धान्य आणि दुसरी डाळ पोहोचते की नाही, ही चौकशी सरकारने वाणाच्या तपासणीइतक्याच काटेकोरपणे केली पाहिजे.