अकीकाची झिलई : खंबायतच्या चामडी पिशवीपासून टम्बलरच्या पिंपापर्यंत

#धागा #इतिहास

१/ टम्बलर हे दगडांना झिलई देणारे छोटेसे यंत्र आज अनेक छांदिष्टांच्या घरी दिसते. रबरी पिंपात खडे, पाणी आणि घासणारी भुकटी घालून ते मोटारीवर रात्रंदिवस फिरत ठेवतात. महिन्याभराने काचेसारखे चकाकणारे खडे हाती येतात. या छंदाचा एक पूर्वज आपल्या शेजारी, गुजरातेतील खंबायतला आहे. हा धागा त्या कारागिरीचा आणि तिच्यासाठी माणसांनी मोजलेल्या किमतीचा.

२/ प्रथम दगडाविषयी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. ते थंड होताना आत वायूच्या पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपले, थरावर थर साचले आणि अकीक तयार झाला. कठिणतेच्या मोह्ज मापनात त्याचा क्रमांक ७ च्या आसपास. भोवतीचा काळा पाषाण झिजून जातो, अकीक मात्र मागे उरतो. नदी त्याला लोळवत नेते आणि गोल करते. पहिला टम्बलर म्हणजे नदीच.

३/ असे अकीकाचे गोटे राजपिपळ्याजवळच्या रतनपूर परिसरात शतकानुशतके खणून काढले गेले. तेथेच बाबा घोर यांचा दर्गा आहे. मूळच्या आफ्रिकी असलेल्या सिद्दी समाजाचे ते पूज्य पीर, आणि लोकस्मृतीत त्यांचे नाव अकीकाच्या व्यापाराशी जोडलेले आहे. खाण रतनपूरची, कारागिरी खंबायतची, गिऱ्हाईक मात्र समुद्रापलीकडचे, अशी या धंद्याची रचना होती.

४/ याची मुळे हडप्पा संस्कृतीपर्यंत जातात. खंबायतच्या आखाताजवळच्या लोथल येथे मणी घडवण्याची कार्यशाळा उत्खननात मिळाली. सिंधमधील चान्हुदारो येथे अर्नेस्ट मॅके यांना १९३५-३६ मध्ये अर्धवट घडवलेले मणी आणि दगडी गिरमिटे सापडली. लिओनार्ड वुली यांनी इराकमधील उर येथे खणलेल्या राजघराण्याच्या थडग्यांतही सिंधू खोऱ्यातील कारागिरीचे लांबट तांबडे मणी आहेत. ती थडगी साडेचार हजार वर्षांपूर्वीची!

५/ त्या मण्यांतील खरा चमत्कार भोकात आहे. पुरातत्त्वज्ञ केनोयर आणि विदाले यांनी या गिरमिटांच्या खास दगडाला मॅके यांच्या स्मरणार्थ ‘अर्नेस्टाइट’ हे नाव दिले. प्रयोगांत असे दिसले की ताशी सुमारे २.५ मिलिमीटर इतकेच भोक पुढे सरकते. म्हणजे ६ सेंटिमीटरच्या एका मण्याला २४ तास, आठ तासांचा दिवस धरला तर तीन दिवस. आणि शेवटच्या दिवशी मणी तडकला, तर सारे श्रम वाया.

६/ महाराष्ट्राचा संबंधही थेट आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणहून गाड्यांत भरून भडोच बंदराला जाणाऱ्या पट्टेदार अकीकाची नोंद आहे. सातवाहनांच्या पैठणचे नाव घेताच आपल्याला वस्त्रे आठवतात. तेथून भूमध्य समुद्राकडे दगडही जात होता, हे सहसा आठवत नाही.

७/ सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने खंबायतचा आणि जवळच्या लिमोदऱ्याच्या तांबड्या अकीकाचा वृत्तांत लिहिला. खंबायतचे मणी अरबस्तानात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचत. पुढे आखात गाळाने भरले आणि बंदराचे वैभव ओसरले. मणी घडवणारे हात मात्र थांबले नाहीत.

८/ आता कृती पाहू. खाणीतला गोटा बहुधा मळकट तपकिरी असतो. तो आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेणींच्या मंद आचेवर भाजतात. उष्णतेने दगडातील लोहाचे रूप पालटते आणि तांबडा रंग खुलतो. आच एकदम वाढली तर दगड फुटतो, म्हणून घाई येथेही चालत नाही.

९/ पुढे जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर गोटा टेकवून शिंगाच्या हातोडीने हलके ठोके देतात. कपच्या उडतात आणि आकार येतो. मग घासणे, आणि हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने भोक पाडणे. एकाच मण्यावर अनेक हात फिरत, प्रत्येकाचे काम ठरलेले.

१०/ आणि मग झिलई. एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियरमध्ये तिचे वर्णन आहे. भक्कम चामडी पिशवीत मणी, कुरुंदाची भुकटी आणि पाणी घालून तोंड बांधायचे. पिशवीच्या मध्याभोवती चामड्याचा पट्टा गुंडाळायचा. समोरासमोर बसलेली दोन माणसे तो आळीपाळीने ओढत, आणि पिशवी त्यांच्यामध्ये लोळत राही. असे कितीतरी दिवस चाले. आजच्या टम्बलरमध्ये त्या दोघांची जागा मोटारीने घेतली, इतकेच.

११/ तत्त्व तेच राहिले. पिंप साधारण दोन तृतीयांश भरायचे. जास्त भरले तर खडे सरकत नाहीत, कमी भरले तर आपटून त्यांचे टवके उडतात. भरड भुकटी, मध्यम, बारीक आणि शेवटी झिलईची, अशा चार पायऱ्या, प्रत्येकीला सुमारे एक आठवडा. मधल्या प्रत्येक धुण्यात भरड भुकटीचा एक कण जरी मागे राहिला, तरी शेवटच्या झिलईवर ओरखडे येतात.

१२/ एक गमतीचा धागा भाषेचा. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन कृत्रिम हिरा करायला गेले आणि हाती आले सिलिकॉन कार्बाइड. त्याला त्यांनी ‘कार्बोरंडम’ म्हटले. त्यातील ‘कोरंडम’ हा शब्द आपल्या ‘कुरुंद’च्या कुळातला. आज टम्बलरमध्ये बहुतेक हीच भुकटी वापरतात. म्हणजे यंत्र परदेशी असले, तरी भुकटीच्या नावात भारत आहे.

१३/ आता किंमत. खंबायतला वीज आली, आणि फिरत्या चाकावर दगड कोरडाच घासण्याची रीत रूढ झाली. काम झपाट्याने होऊ लागले, पण सिलिकाची सूक्ष्म धूळ घरभर भरली. काम घरातच चाले, म्हणून ती बायकामुलांच्या आणि शेजाऱ्यांच्याही श्वासात गेली. तिने फुप्फुसे घट्ट होत जातात. हा सिलिकोसिस. क्षयाचा धोका वाढतो आणि रोग बरा होत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या कारागिरांत तो तपासून नोंदवला आहे.

१४/ येथे इतिहासातील एक विसंगती दिसते. पिशवीतली झिलई संथ होती, पण ओली होती. धूळ पाण्यातच बसून राही. वेग आला, पाणी गेले आणि धूळ मोकळी झाली. जुन्या काळीही घासण्या-ठोकण्यात धूळ होतीच. तो काळ निर्धोक नव्हता. पण वेगाने नफा व्यापाऱ्याकडे नेला आणि खोकला कारागिराकडे ठेवला, हे विसरता येत नाही.

१५/ म्हणून या छंदात उतरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. अकीक कधीही कोरडा घासू नये. आणि पिंपातला गाळ वाळू देऊ नये, मोरीतही ओतू नये. ओला असतानाच बांधून टाकावा. महिनाभर थांबणे ही आपली हौस असते. खंबायतच्या कारागिराला मात्र मण्यांच्या संख्येवर मजुरी मिळे, त्याला थांबणे परवडत नसे.

१६/ पुढच्या वेळी संग्रहालयात तांबडा मणी दिसला, तर त्याच्या चकाकीपाशीच थांबू नका. वाकून भोकाकडे पाहा. ताशी अडीच मिलिमीटर. राजांची नावे शिलालेखांत कोरली गेली. ज्याने हे भोक पाडले, त्याची सही एवढीच.

धागा समाप्त.