महंमद करीम छागला : कायद्याचा विद्यार्थी आणि सार्वजनिक जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई इलाख्यातील मुस्लिम समाजात इंग्रजी शिक्षणाचा जो प्रसार झाला, त्यात कायद्याच्या शिक्षणाला विशेष स्थान होते. बद्रुद्दीन तय्यबजी 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर होत. पुढे अंजुमन-ए-इस्लामची उभारणी, मुंबई महापालिका, 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद आणि 1895 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद असा त्यांचा प्रवास झाला. शिक्षण, व्यवसाय आणि सार्वजनिक कार्य ही एकाच आयुष्याची तीन अंगे आहेत, हा पायंडा तय्यबजींनी घालून दिला. त्याच परंपरेतील, परंतु समाजाशी अधिक ताणाचे नाते राहिलेले पुढच्या काळातील नाव म्हणजे महंमद करीम छागला. त्यांची विद्यार्थिदशा आणि तिचा उत्तरायुष्यातील सार्वजनिक निर्णयांशी असलेला संबंध हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विद्यार्थिदशा : ऑक्सफर्ड आणि इनर टेंपल

छागलांचा जन्म 30 सप्टेंबर 1900 रोजी मुंबईत एका खोजा व्यापारी कुटुंबात झाला. सेंट झेवियर्स शाळा व महाविद्यालयात शिकून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात त्यांनी घेतलेला विषय कायदा नव्हता, आधुनिक इतिहास होता. बॅरिस्टरीसाठी त्यांनी लंडनच्या इनर टेंपलमध्ये नाव नोंदविले आणि 1922 मध्ये सनद मिळविली. त्या काळी बॅरिस्टरीचे शिक्षण केवळ परीक्षांचे नसे. ठरावीक सत्रे भरावी लागत आणि प्रत्येक सत्रात इनच्या भोजनगृहात नेमकी जेवणे घ्यावी लागत. थोरामोठ्या वकिलांच्या पंगतीत बसून व्यवसायाची रीत अंगवळणी पडावी, हा त्यामागील हेतू होता.

छागलांच्या घडणीत ऑक्सफर्डमधील विद्यार्थी संघटनांचा वाटा मोठा आहे. 1896 मध्ये स्थापन झालेली ऑक्सफर्डची इंडियन मजलिस ही हिंदी विद्यार्थ्यांची वादविवाद सभा होती. जालियनवाला बाग, खिलाफत आणि असहकार यांनी देश ढवळून निघाला होता, त्याच वर्षांत छागला तेथे होते. 1921 मध्ये ते ऑक्सफर्डच्या एशियाटिक सोसायटीचे आणि 1922 मध्ये मजलिसचे अध्यक्ष झाले. मजलिसमध्ये पंजाबी, बंगाली, मद्रासी, हिंदू, मुसलमान, पारशी सारेच असत. देशात जे एका ताटात जेवले नसते ते तेथे एका मेजाभोवती बसून राजकारणावर भांडत. अध्यक्षाला स्वतःचे मत बाजूला ठेवून प्रतिपक्षाला बोलू द्यावे लागे. न्यायासनावर बसण्यापूर्वी वीस वर्षे छागलांना न्यायाधीशाच्या कामाचा हा पहिला धडा मिळाला, असे म्हणता येईल.

वकिली आणि अध्यापन

मुंबईस परतल्यावर छागलांनी बॅरिस्टर महंमद अली जिना यांच्या चेंबरमध्ये उमेदवारी केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत त्या वेळी दुहेरी पद्धत होती. बॅरिस्टरला पक्षकाराकडून थेट काम घेता येत नसे, सॉलिसिटरने ब्रीफ दिली तरच उभे राहता येई. त्यामुळे सॉलिसिटरांशी ओळख नसलेल्या तरुण बॅरिस्टरची पहिली वर्षे रिकामी जात. छागलांचीही गेली. 1927 ते 1930 या काळात त्यांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून काम केले. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून आले. भारताच्या पुढील घटनात्मक इतिहासात मोलाची भर घालणारे हे दोघे काही काळ एकाच संस्थेत शिकवीत होते, ही बाब लक्षणीय आहे.

याच वर्षांत छागला मुस्लिम लीगच्या कामातही होते. 1928 च्या नेहरू अहवालाला त्यांनी पाठिंबा दिला आणि त्यावरून जिनांशी त्यांचे मतभेद झाले. संयुक्त मतदारसंघ की विभक्त मतदारसंघ, हा वादाचा गाभा होता. पुढे वेगळ्या राष्ट्राची मागणी आल्यावर दोघांचे मार्ग पूर्णपणे वेगळे झाले. ज्या चेंबरमध्ये व्यवसाय शिकला त्या चेंबरच्या धन्याशी तत्त्वासाठी फारकत घेणे तरुण वकिलाला सोपे नसते.

न्यायासनावर

1941 मध्ये छागला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि 1947 मध्ये त्या न्यायालयाचे पहिले कायम भारतीय मुख्य न्यायमूर्ती. 1958 पर्यंत ते त्या पदावर होते. त्यांच्या कारकिर्दीतील तीन प्रसंग येथे नमूद करणे आवश्यक आहे.

पहिला, 1951 चा नरसू आप्पा माळी खटला. हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा मुंबईचा 1946 चा कायदा समानतेच्या तत्त्वाला बाधक आहे, कारण मुसलमानांना तो लागू नाही, असा आक्षेप होता. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने कायदा वैध ठरविला. सामाजिक सुधारणा टप्प्याटप्प्याने करण्यास राज्य मोकळे आहे, असे न्यायालयाने मानले. त्याच निकालात, व्यक्तिगत कायदे हे घटनेच्या तेराव्या अनुच्छेदातील ‘कायदा’ या संज्ञेत येत नाहीत, असेही ठरले. छागला स्वतः समान नागरी कायद्याचे पुरस्कर्ते होते. तरीही मुस्लिम व्यक्तिगत कायद्याच्या बाजूने पुढे ज्या निकालाचा सर्वाधिक आधार घेतला गेला तो त्यांच्याच खंडपीठाचा आहे. न्यायाधीशाचे मत आणि न्यायाधीशाचा निकाल यांतील अंतर यावरून स्पष्ट होते.

दुसरा प्रसंग 1956 चा. लोकमान्य टिळकांना 1908 मध्ये ज्या दालनात शिक्षा झाली, त्या दालनाबाहेर त्यांचे उद्गार कोरलेल्या शिलालेखाचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते झाले. 1897 मध्ये टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती तय्यबजी, 1916 मध्ये त्यांची बाजू यशस्वीपणे मांडणारे बॅरिस्टर जिना आणि शिलालेख उघडणारे छागला, अशी ही साखळी आहे.

तिसरा प्रसंग गोव्याच्या वाचकांना जवळचा आहे. 1954 मध्ये दादरा व नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेल्यावर दमणहून तेथे जाण्याचा हक्क मागत पोर्तुगालने 1955 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. या दाव्यापुरते छागला भारताच्या वतीने न्यायाधीश नेमले गेले होते. 12 एप्रिल 1960 च्या निकालात खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता पोर्तुगालचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांच्याबाबत तो नाकारला गेला आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही, असे ठरले. छागलांनी आपले भिन्नमत नोंदविले.

शिक्षणमंत्री आणि अलीगढ

नोव्हेंबर 1963 मध्ये छागला केंद्रीय शिक्षणमंत्री झाले. कोठारी आयोगाची नेमणूक 1964 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत झाली. परंतु मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या इतिहासात त्यांचे नाव निघते ते अलीगढमुळे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील अंतर्गत विद्यार्थ्यांसाठी राखीव असलेल्या जागांचे प्रमाण 75 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणण्यात आले. त्यावरून असंतोष माजला आणि एप्रिल 1965 मध्ये कुलगुरू नवाब अली यावर जंग यांच्यावर विद्यार्थ्यांनी हल्ला केला. ते गंभीर जखमी झाले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले हेच ते अली यावर जंग. मे महिन्यात वटहुकूम निघाला आणि त्यामागोमाग कायदा दुरुस्त झाला. विद्यापीठाच्या कोर्टाचे अधिकार काढून घेऊन त्याला केवळ सल्लागार स्वरूप देण्यात आले.

कुलगुरूंवरील हल्ल्याचे समर्थन कोणीही करू शकत नाही. विद्यापीठ संसदेच्या कायद्याने चालणारी राष्ट्रीय संस्था आहे, ही छागलांची भूमिकाही प्रामाणिक होती. तथापि हल्ला काही विद्यार्थ्यांनी केला आणि अधिकार गेले ते संपूर्ण कोर्टाचे, हे नाकारता येत नाही. ज्यांनी विद्यार्थिदशेत मजलिसचे अध्यक्षपद सांभाळले, त्यांनी येथे चर्चेऐवजी वटहुकुमाचा मार्ग स्वीकारला. या दुरुस्तीला आव्हान दिले गेले तेव्हा अझीझ बाशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये विद्यापीठ मुस्लिम अल्पसंख्याकांनी स्थापलेले नाही, असा निर्णय दिला. 1875 पासून वर्गणी गोळा करून उभ्या राहिलेल्या संस्थेबद्दलचा हा निष्कर्ष समाजाच्या जिव्हारी लागला. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी तो पायाच रद्द केला. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला म्हणून अल्पसंख्याक स्वरूप आपोआप संपत नाही, असे बहुमताने ठरविले आणि अलीगढच्या प्रत्यक्ष दर्जाचा निर्णय नियमित पीठाकडे सोपविला. एका वटहुकुमातून सुरू झालेला वाद साठ वर्षांच्या घरात पोहोचला.

उत्तरकाळ

1967 मध्ये छागलांनी परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिला. विद्यापीठांतून इंग्रजीऐवजी प्रादेशिक भाषा हे माध्यम घाईने आणण्याच्या धोरणाला त्यांचा विरोध होता. सीमाभागात मराठी, कन्नड, उर्दू व इंग्रजी यांच्या ओढाताणीत शिकविणाऱ्या प्राध्यापकांचे त्यांच्याशी मत जुळेलच असे नाही, पण मतासाठी मंत्रिपद सोडणारे विरळाच. आणीबाणीत, वयाच्या पंचाहत्तरीत, 1975 मध्ये अहमदाबादच्या नागरी स्वातंत्र्य परिषदेत त्यांनी सरकारविरुद्ध उघड भाषण केले. 9 फेब्रुवारी 1981 रोजी त्यांचे निधन झाले.

समारोप

छागलांच्या सर्व मतांशी समाज सहमत झाला नाही आणि तशी अपेक्षाही गैर आहे. मात्र त्यांच्या चरित्रातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, कायद्याच्या विद्यार्थ्याची घडण वर्गाइतकीच वादसभेत होते. विरुद्ध मत शांतपणे ऐकण्याची सवय तेथेच लागते आणि ती न्यायासनावर उपयोगी पडते. दोन, सत्तेच्या खुर्चीवर बसताच ही सवय सुटण्याचा धोका चांगल्या माणसालाही असतो. अलीगढचे उदाहरण हेच सांगते. समाजाच्या महाविद्यालयांतून आज कायद्याकडे वळणाऱ्या मुला-मुलींची संख्या वाढत असताना त्यांना परीक्षेपुरते कलम पाठ करून देणे पुरेसे नाही. महाविद्यालयात त्यांची स्वतःची मजलिस असावी, तेथे समाजाला न रुचणारे मतही मांडता यावे, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या विद्यार्थ्याने ते पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्यावे. हे काम अध्यापकांचे आहे.