मोटारसायकलच्या अपघाताची भरपाई : दोषसिद्धी आणि मागचे आसन

दुसऱ्याच्या हयगयीने जखमी झालेल्या इसमास भरपाई मागता येई. तो मरण पावल्यास मात्र त्याचा दावाही त्याच्याबरोबर संपे. इंग्लिश विधीतील या नियमाला इंग्लंडात १८४६ साली बांध घातला गेला आणि हिंदुस्थानात १८५५ च्या तेराव्या अधिनियमाने. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी जाऊन तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. मृताची पत्नी वा पती, आईबाप आणि मुले एवढ्यांसाठीच हा अधिनियम होता. भावंडांना त्यात स्थान नव्हते. मोटारीच्या अपघातांनाही पुढे शंभर वर्षे हाच आधार होता.

१९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने त्रयस्थांच्या हानीबाबतचा विमा सक्तीचा केला, परंतु ते प्रकरण अंमलात आले १९४६ साली. पैसे देणारा सापडला, तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग दिवाणी न्यायालयातूनच जात होता. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात न्यायशुल्क आधी भरावे लागे. कर्ता पुरुष गमावलेल्या कुटुंबाला हे कितपत शक्य होते, हे सांगावयास नको. १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद केली ती या अडचणीसाठी. मात्र अर्जाची मुदत होती साठ दिवसांची! हाड सांधून माणूस घरी येईपर्यंत ती संपून जाण्याचाच संभव अधिक.

न्यायाधिकरणामुळे मंच बदलला, की दायित्वाचे तत्त्वही बदलले? हा खरा वादाचा मुद्दा होय. वाहनाच्या वापरामुळे इजा झाली एवढे दाखविणे पुरेसे आहे, चालकाची हयगय सिद्ध करण्याचे कारण नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ती अमान्य केली. विद्यमान विधीचा अर्थ म्हणून हा निर्णय सयुक्तिक म्हणावा लागेल. परंतु रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या माणसाने साक्षीदार कोठून आणावेत, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ते संसदेने १९८२ साली दिले. दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल १५,००० रुपये व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देय ठरले. रक्कम तुटपुंजी असली, तरी तत्त्व नवे होते.

दुचाकीवर मागे बसणाऱ्याची स्थिती मात्र निराळी राहिली. १९३९ च्या अधिनियमाने भाडे घेऊन वा नोकरीच्या करारान्वये नेलेल्या प्रवाशांखेरीज इतर प्रवाशांचा विमा सक्तीचा केला नव्हता, आणि मोटारसायकलच्या मागच्या आसनावर भाडे देऊन सहसा कोण बसतो? तेथे बसतात ती पत्नी, भाऊ, शेजारी. १९८८ च्या अधिनियमाची भाषा बदलली, तेव्हा हे अंतर मिटले असावे असे वाटण्यास जागा होती. परंतु केवळ सक्तीच्या विमापत्राखाली विनामूल्य बसलेल्या अशा प्रवाशाबद्दल विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरविले. परिणामी, एकाच अपघातात धक्का लागलेल्या पादचाऱ्याची भरपाई विमा कंपनी देई. मागे बसलेल्या पत्नीचा दावा मात्र वाहनमालकावर, म्हणजे पुष्कळदा स्वतःच्या पतीवरच, येऊन पडे. निवाडा अनुकूल झाला तरी पैसा त्याच घरातून यावयाचा. सर्वसमावेशक विमापत्रात मागे बसणाराही अंतर्भूत असतो, हे विमा नियामकाने २००९ साली परिपत्रकाने स्पष्ट केले. स्वस्त, सक्तीपुरतेच विमापत्र घेणाऱ्याच्या घराला त्याचा उपयोग नव्हता.