चाकबदल व मालकी : बीड जिल्ह्यातील 'गाडी' आणि 'टायर'

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यावर त्या भागात कारखान्यांची संख्या वाढत गेली, आणि हे स्थलांतरही वाढले. कामगार प्रथम स्वतःची लाकडी गाडी घेऊन जात. तिचा तुंबा, आरे व पुठ्ठे सुतार घडवी. लोखंडी धाव लोहार तापवून बसवी. चाक मोडल्यास दुरुस्ती गावातच होत असे.

पुढे लाकडी चाकाच्या जागी हवेचे रबरी चाक व बेअरिंगचा लोखंडी आख आला. त्यामुळे घर्षण घटले आणि गाडीत अधिक ऊस मावू लागला. परंतु अशी गाडी बहुधा कारखान्याची असे व कामगारास ती भाड्याने मिळे; बैल मात्र त्याचेच असत.

हा भेद भाषेनेही टिपला आहे. स्वतःची गाडी आणणाऱ्यांचे ते 'गाडी सेंटर' आणि कारखान्याची गाडी ओढणाऱ्यांचे ते 'टायर सेंटर' होय. अवयववाचक 'टायर' शब्द येथे संपूर्ण वाहनाचा वाचक झाला. हा केवळ अर्थविस्तार नव्हे. चाकाबरोबर गाडीची मालकीही कामगाराच्या हातून गेली, याचीच ती नोंद होय.