फणसांबा, अळंबी आणि आण्णाचा प्रश्न

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातलं खर्डा हे आमचं गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते एका वाक्यापुरतं येतं. ११ मार्च १७९५ रोजी इथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला आणि निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. आज मात्र मला त्या लढाईबद्दल बोलायचं नाही. बोलायचं आहे ते पहिल्या पावसानंतर आमच्या शिवारात वारुळांभोवती उगवणाऱ्या छत्र्यांबद्दल. आम्ही पोरं त्यांना ‘कुत्र्याची छत्री’ म्हणायचो आणि लाथेनं उडवायचो. आजी ओरडायची, “हात लावू नका रे, विषारी असतं ते.”

पण हीच आजी घरात एक अळंबी जपून ठेवायची. फडताळातल्या डब्यात, वेखंड-मुरडशेंगेच्या शेजारी, लाकडासारखा कठीण, तपकिरी असा एक तुकडा असे. त्याला ती ‘फणसांबा’ म्हणायची. आमच्या कोरडवाहू भागात फणस कुठला? तो काष्ठौषधीच्या दुकानातून यायचा. तान्ह्या मुलाच्या तोंडातून फार लाळ गळायला लागली की आजी तो सहाणेवर पाण्यात उगाळायची आणि बोटानं हिरड्यांना लावायची. ही फणसाच्या झाडावर वाढणारी अळंबी आहे, हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मलाही ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना कळलं.

पुढे मी तोच विषय शिकवला. म्हणूनच २०१३ साली माझ्या थोरल्या चुलतभावानं, आण्णानं, मला विचारलं. त्याला पोटाचा कर्करोग असल्याचं निदान झालं होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. त्याच सुमारास कोणीतरी त्याला अळंबीच्या कॅप्सूल आणून दिल्या. सोबत रंगीत पत्रक होतं, त्यात ‘जपानी संशोधनाने सिद्ध’ असं छापलेलं. आण्णा म्हणाला, “बाळू, तू शिकवतोस ना हे? खरं आहे का?” मी म्हणालो, “घेऊन बघ. अपाय तर काही होणार नाही.”

त्या उत्तरात काय चुकलं, हे सांगण्यासाठी मला थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे अळंबीकडे पूर्वीपासून दोन नजरांनी पाहिलं गेलं. मनुस्मृतीनं द्विजांना ज्या वस्तू निषिद्ध ठरवल्या, त्यांत लसूण-कांद्याबरोबर कवकंही आहेत. सुश्रुतसंहितेनं मात्र ती कशावर उगवतात यावरून त्यांचे प्रकार पाडले: पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर वाढणारी. त्यांचे गुणही वेगवेगळे सांगितले. ज्यावर बुरशी वाढते त्यावर तिचे गुण अवलंबून असतात, ही नजर आजच्या अभ्यासकालाही पटेल अशी आहे.

फणसांब्याची छापील नोंद इंग्रजी अमलात झाली. मुंबईत काम करणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी १८८५ साली पश्चिम भारतातल्या वनौषधींवर ग्रंथ लिहिला, त्यात ‘फणस-अळंबे’ आलं. पुढे नाडकर्णींच्या ‘इंडियन मटेरिया मेडिका’तही आलं. उपयोग तेच होते: लाळ फार सुटली तर हिरड्यांना लेप, शिवाय हगवण आणि आमांश. पण शास्त्रीय नाव दिलं गेलं ते ‘अगॅरिकस ऑस्ट्रिएटस’. हे तर मऊ, खाण्याच्या धिंगरी अळंबीचं जुनं नाव! सहाणेवर उगाळावा लागणारा लाकडी तुकडा आणि भाजीत शिजणारी धिंगरी, या दोन गोष्टी कागदावर एक झाल्या.

हा गोंधळ निस्तरला तो पुण्यात. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले जे. जी. वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनी लोकवापरातल्या बुरशींचा अभ्यास केला. १९९३ आणि २००० सालचे त्यांचे शोधनिबंध जगभरच्या अभ्यासकांनी वाचले. फणसांबा म्हणजे लाकूड कुजवणारी, ‘फेलिनस’ कुळातली बुरशी आहे, आणि या एकाच नावाखाली त्या कुळातल्या अनेक जाती वापरल्या जातात, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे आजीच्या डब्यातला तुकडा आणि शेजारच्या घरातला तुकडा या दोन वेगळ्या जाती असू शकत होत्या. नाव एक, वस्तू अनेक. औषधाची परीक्षा करायची तर आधी वस्तू कोणती ते ठरवावं लागतं. त्यामुळे हे काम दिसायला साधं, पण पायाचं आहे.

आता त्या पत्रकातलं ‘जपानी संशोधन’. ते खोटं नव्हतं. १९६८-६९ साली टोकियोत इकेकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या कातडीखाली कर्करोगाच्या पेशी सोडल्या आणि त्यांना निरनिराळ्या अळंब्यांचे अर्क टोचले. अनेक उंदरांमध्ये गाठीची वाढ रोखली गेली. सर्वांत प्रभावी ठरलेल्या बुरशींपैकी एक फेलिनसच होती, आपल्या फणसांब्याची नातलग. त्याच सुमारास गोरो चिहारा यांनी शिताके अळंबीतून ‘लेंटिनान’ नावाचं द्रव्य वेगळं केलं. हे पदार्थ कर्करोगाच्या पेशी थेट मारत नाहीत, तर शरीराची प्रतिकारशक्ती जागी करतात असं दिसलं. कसं, याचा एक धागा २००१ साली सापडला. आपल्या पांढऱ्या पेशींवर ‘डेक्टिन-१’ नावाचं एक ग्राहक असतं. बुरशीच्या भिंतीतलं ‘बीटा-ग्लुकान’ त्याला चिकटतं आणि शत्रू आल्याची वर्दी मिळते.

जपाननं यांतल्या काही द्रव्यांना औषध म्हणून परवानगी दिली, १९७७ साली ‘क्रेस्टिन’ला आणि १९८५ साली लेंटिनानला. १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात क्रेस्टिनची एक चाचणी प्रसिद्ध झाली. पोटाच्या कर्करोगाचे २६२ रुग्ण त्यात होते. पाच वर्षांनंतर क्रेस्टिन घेतलेल्यांपैकी ७३ टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी ६० टक्के. फरक लहान नाही. आण्णाचा आजारही हाच होता.

पण हे सगळे २६२ रुग्ण शस्त्रक्रिया झालेले होते. दोन्ही गटांना केमोथेरपीही मिळाली होती. अळंबीचं औषध त्याच्या जोडीला दिलं होतं, त्याच्या जागी नव्हे. पत्रकात हे वाक्य नव्हतं. शिवाय आण्णाच्या हातातल्या कॅप्सूल क्रेस्टिनच्या नव्हत्याच. त्या रेशी, म्हणजे ‘गॅनोडर्मा’ या वेगळ्या अळंबीच्या होत्या. पुन्हा तीच गोष्ट, नाव ‘अळंबी’ आणि वस्तू दुसरी. रेशीबद्दलच्या मानवी चाचण्यांचा आढावा ‘कॉक्रेन’ या संस्थेनं २०१२ साली घेतला होता. पाच चाचण्या, मिळून ३७३ माणसं. निष्कर्ष असा, की कर्करोगावर पहिला उपचार म्हणून रेशी देण्यास पुरेसा आधार नाही. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला तिचा विचार करता येईल, पण त्या चाचण्यांचा दर्जाही समाधानकारक नाही. २०१५ साली मधुमेहींच्या बाबतीतही असाच आढावा निघाला. हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या बाबी रेशीनं आटोक्यात येतात, याला आधार मिळाला नाही.

मग बुरशीत औषध नाहीच का? आहे, आणि भरपूर आहे. पेनिसिलिन बुरशीतलंच. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचा पहिला नमुना जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ साली एका पेनिसिलियम बुरशीत सापडला. अवयवरोपण ज्यामुळे सुकर झालं ते सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीचं. पण या औषधांमागे वर्षानुवर्षांचं काम आहे. नेमकी बुरशी कोणती, द्रव्य कोणतं, मात्रा किती, हे ठरवून नंतर माणसांवर चाचण्या झाल्या. फणसांबा या वाटेवर अजून फार पुढे गेलेला नाही. तो जाऊ शकेल. त्यासाठी सामग्रीही आपल्याकडे आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. मराठी कवकशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रहही तिथेच आहे.

आण्णानं शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली. “आधी हे करून बघतो, बाळूही म्हणालाय,” असं त्यानं वहिनींना सांगितलं. दुभती गाय विकून तो कॅप्सूल घेत राहिला. चार महिन्यांनी दवाखान्यात गेला, तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं सांगितलं. पुढच्या वर्षी तो गेला. कॅप्सूलनं गेला असं मी म्हणणार नाही, वेळेवर शस्त्रक्रिया झाली असती तर वाचलाच असता, असंही नाही. पण ते चार महिने त्याच्या हातचे गेले, आणि ‘अपाय तर काही होणार नाही’ हे वाक्य माझं होतं.

आता गावाकडून कोणी असं पत्रक घेऊन आलं की मी त्याच्याशेजारी बसतो आणि ते त्याच्याबरोबर वाचतो. अळंबी नेमकी कोणती? प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर? आणि औषध उपचाराच्या जोडीला दिलं होतं की उपचाराऐवजी? या तीन प्रश्नांची उत्तरं पत्रकात सहसा नसतात. मग मी पहिल्यांदा एकच विचारतो, “डॉक्टरांनी तारीख कधीची दिलीय?” ती तारीख आधी पाळायची. कॅप्सूलचं काय करायचं ते त्याच डॉक्टरांना विचारायचं.

आजीचा फणसांबा अजून माझ्याकडे आहे. उगाळून उगाळून तो सुपारीएवढा उरलाय. त्यातली जात कोणती, हे मी अजून तपासून घेतलेलं नाही. या पावसाळ्यात पुण्याला जाईन तेव्हा तो बरोबर नेणार आहे.